अक्काची कवळी

दातांचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली बत्तीशी म्हणायची. त्याचं खरं नाव सरकारी कागदांवर होतं आणि ते तिथेच सुखात होतं. दातांचे डॉक्टर माणसाच्या हिरड्यांचं माप घेऊन त्याच्याकडे पाठवायचे आणि त्या मापावरून बत्तीशी कवळी करून द्यायचा. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं. स्वतः मात्र तो बेताचंच हसायचा. रस्त्यात कोणी भेटलं की याची नजर आधी समोरच्याच्या तोंडात. एका लग्नात त्याने नवरदेवाच्या काकांना सगळ्यांदेखत विचारलं होतं, "खालची सैल झालीय ना?" तेव्हापासून त्याला लग्नाची आमंत्रणं जरा कमीच येत.

त्याची लॅब म्हणजे एका जुन्या इमारतीखालची, अर्धी जमिनीत गेलेली खोली. रस्त्यावरून पाच पायऱ्या उतरायच्या, की दार. दार आतल्या बाजूला उघडणारं. आत एक लांब दणकट टेबल, टेबलाला खण, भिंतीवर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने नाव. कोपऱ्यात हात धुवायची मोरी. रस्त्याकडच्या भिंतीत अगदी वर, छताला लागून, एक आडवी खिडकी होती, दोन हात रुंद आणि हातभर उंच. तिच्यातून आभाळ दिसत नसे, फक्त येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय दिसत. तीन वर्षांपूर्वी त्या खिडकीतून चोर आला, पॉलिशचं मशीन घेऊन गेला आणि जाता जाता कोणाची तरी वरची कवळीही घेऊन गेला. ती त्याला कशाला हवी होती हे कोडं अजून सुटलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी बत्तीशीने मागच्या गल्लीतल्या वेल्डरला बोलावून खिडकीला चार जाड गज बसवून घेतले. "असे बसव की हत्ती आला तरी हलता कामा नयेत," तो म्हणाला होता. वेल्डरने शब्द पाळला.

या खोलीत बत्तीशीला आणून बसवलं ते अक्काने. अक्का त्याची सख्खी थोरली बहीण, पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आणि दहावीत गणिताने त्याचा निकाल लावल्यावर कान धरून इथल्या जुन्या मिस्त्रींच्या पुढ्यात उभं केलं. "याचा हात चांगला आहे, डोक्याचं काही सांगत नाही," असं ती म्हणाली होती. सोळाव्या वर्षी तो त्या पाच पायऱ्या उतरला, त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली.

लहानपणी तो मैदानावर खेळायला गेला की अंधार पडेपर्यंत यायचा नाही. मग अक्का दारात उभी राहून दोन बोटं तोंडात घालायची आणि अशी शिट्टी मारायची की तीन गल्ल्या पलीकडची कुत्री भुंकायला लागायची. मोठ्या मुलीने शिट्टी मारावी हे शेजारणींना पटायचं नाही. अक्का त्यांना म्हणायची, "मग तुम्ही जाऊन आणा त्याला."

सहा वर्षांपूर्वी बत्तीशीची बायको गेली. मूलबाळ नव्हतं. अक्का तोवर विधवा झालेली, मुलाकडे लांबच्या शहरात राहायची. भावाला सावरायला म्हणून ती चार दिवसांची पिशवी घेऊन आली आणि राहिली. घरात पुन्हा आवाज आला. सकाळी कोणीतरी "उठ रे धाकट्या" म्हणून ओरडू लागलं, आणि त्रेपन्न वर्षांचा धाकटा उठू लागला. तिचा मुलगा, म्हणजे बत्तीशीचा भाचा, दर रविवारी फोन करायचा. "आई, आता बस झालं, ये की." अक्का काहीबाही सांगून टाळायची. आठ महिन्यांपूर्वी तिचे उरलेसुरले दात काढले तेव्हा तिला भक्कम कारण मिळालं. "दात झाले की येते," ती म्हणाली. "बोळकं घेऊन सुनेच्या माहेरच्यांसमोर काय बसू?"

ते वाक्य बत्तीशीने शेजारच्या खोलीतून ऐकलं, आणि तिथेच घोळ झाला.

कारण अक्काची कवळी कधीच तयार झाली होती. हिरड्या भरायला तीन महिने लागले, करायला एक. त्याने ती जीव ओतून केली होती. पुढचा एक दात किंचित तिरका ठेवला होता, तिचा होता तसाच. गेले चार महिने ती कवळी टेबलाच्या तिसऱ्या खणात, पाणी घातलेल्या स्टीलच्या डब्यात पडून होती. कवळी कोरडी पडली की बिघडते, म्हणून दर दोन दिवसांनी तो डब्यातलं पाणी बदलायचा. आणि अक्काला सांगायचा की अजून मेणाचंच चाललंय, चावा जमत नाही, उजवी बाजू उचलतेय. महिन्यातून दोनदा तिला लॅबमध्ये बोलवायचा, मेणात बसवलेले दात तिच्या तोंडात घालायचा, मान हलवायचा. "दाताच्या कामात घाई चालत नाही अक्का." सगळ्या गावाला पंधरा दिवसांत कवळी देणारा माणूस बहिणीला आठव्या महिन्यातही बोळकं ठेवून होता, आणि ती बिचारी सगळं कालवून कालवून गिळत होती. हे त्याला खुपत नव्हतं असं नाही. पण ती गेली की घर कसं होईल हेही त्याला माहीत होतं.

तर त्या दिवशीही त्याने तिला असंच खोटंनाटं कारण सांगून बोलावलं. सकाळपासून पाऊस होता, पण पाऊस काय, समुद्राकाठच्या गावाला नवा नव्हता. अकराच्या सुमारास गुडघे धरत, त्याला शिव्या देत अक्का पाच पायऱ्या उतरली. मेणाचे दात तोंडात घालून झाले, मान हलवून झाली. तेवढ्यात पाऊस वाढला.

"पाच मिनिटं थांब," बत्तीशी म्हणाला. "पायऱ्या निसरड्या झाल्यात."

त्या पाच मिनिटांनी घात केला. गल्लीतली गटारं खाडीत जाऊन पडत, आणि भरतीच्या वेळी खाडी ते पाणी घ्यायला तयार नसे. दरवर्षी घोटाभर पाणी तुंबायचं, तासाभराने जायचं. त्या दिवशी वरून डोंगर कोसळावा तसा पाऊस आणि समोरून मोठी भरती. पाणी पायरी पायरीने आलंच नाही. एकदम आलं. बत्तीशीने दार किलकिलं केलं, तर बाहेरचा पायऱ्यांचा खड्डा गुडघ्यापर्यंत भरलेला. त्याने दार लोटून कडी घातली. त्याच वेळी अक्काचा हात धरून, भिजत, धडपडत वर जायचं होतं. पण फळ्यांखाली नवं मशीन होतं, पेट्यांमध्ये लोकांची मापं होती, आणि माणसाला वाटतं की आपण सांभाळून घेऊ.

आधी मोरीतून पाणी वर यायला लागलं. बत्तीशीने भांड्यात प्लास्टर घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, घट्ट कालवलं आणि गोळा मोरीच्या तोंडात ठोसून वर पाय देऊन उभा राहिला. मिठाने प्लास्टर झटकन धरतं. दोन मिनिटांत मोरी बंद.

"बघितलंस?" तो म्हणाला.

"बघितलं. दाराचं बघ," अक्का म्हणाली. दातांशिवाय तिचं बोलणं कसं यायचं ते इथे लिहून दाखवत नाही. घरच्या माणसाची तेवढी थट्टा पुरे.

दाराच्या फटीतून पाणी येत होतं. आदल्याच दिवशी प्लास्टरची सहा पोती आली होती, पंचवीस-पंचवीस किलोची, कागदी. बत्तीशीने ती ओढत नेली आणि दाराला आतून लावली, दोन शेजारी, त्यावर दोन, त्यावर दोन. दम लागला, कंबर धरली, पण फट बंद झाली. पाणी थांबलं. तो हात झटकत मागे सरला आणि स्वतःवर खूश होऊन त्याने अक्कासाठी स्टोव्हवर चहा टाकला. दोघांनी चहा प्यायला. वीज गेलीच होती, तरी त्याने मेन स्विच खाली ओढला. मोबाइलला त्या खोलीत कधीच रेंज नसे. फोन करायचा तर नेहमी पायऱ्या चढून रस्त्यावर जावं लागायचं.

अर्ध्या तासाने बाहेरचा अंदाज घ्यावा म्हणून त्याने दाराला कान लावायला पोत्यावर हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. पोतं गरम होतं.

ज्याने त्रेचाळीस वर्षं प्लास्टर पाण्यात कालवलं, त्याला याचा अर्थ कोणी सांगायला नको होता. प्लास्टर धरायला लागलं की गरम होतं. गार झालं की दगड. त्याने खालचं पोतं दाबलं, लाथ मारली, दोन्ही हातांनी ओढलं. सहा पोत्यांची एक भिंत झाली होती, जमिनीला चिकटलेली, चौकटीला चिकटलेली, आणि दार आत उघडणारं. वाळूची पोती लावतात तशी त्याने प्लास्टरची लावली होती. कुठलाही हमाल हसला असता.

"काय झालं?" अक्काने विचारलं.

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मी तू चड्डी घालत नव्हतास तेव्हापासून ओळखते."

त्याने सांगितलं. अक्काने त्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "पक्कं काम केलंस हो." एवढं बोलून तिने हसून घेतलं, पण हात पदराशी चाळे करत होते.

बत्तीशीने हातोडी आणि पटाशी घेतली. वरच्या पोत्याचा कोपरा उडवला, मग अर्धं पोतं. घाम डोळ्यांत जात होता. आणि तेवढ्यात कुलपाच्या भोकातून, त्याच्या छातीच्या उंचीला, पाण्याची बारीक धार सुटली. तो थांबला. म्हणजे बाहेर पाणी इथवर होतं, बहुधा याच्याही वर. दार उघडण्यात यश आलं असतं तर ते सगळं एका दमात आत आलं असतं, आणि अक्काला तर उभं राहायलाही आधार लागतो. त्याने हातोडी खाली ठेवली. आता ती भिंत फोडायची नव्हती, आणि फोडली नाही तर बाहेर जायला वाट नव्हती.

पाणी तरीही येतच होतं. जमिनीच्या फरशांमधून, भिंतीतल्या वायरच्या नळीतून, कुठून कुठून. ते गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा त्याने अक्काला उचलून टेबलावर बसवलं. मग तिच्यासाठी टेबलावर स्टूल ठेवलं आणि तिला स्टुलावर बसवलं. फळ्यांच्या खालच्या ओळीतले जबडे एकेक करून पाण्यात गेले. अक्का तिथे बसून त्यांच्या बुडाची नावं वाचत होती.

"हा पोस्टमास्तर गेला. ही शाळेची बाई गेली. हा कोण रे, एवढा मोठा जबडा?"

"अक्का, गप्प बस."

"गप्प बसले तर भीती वाटते."

तो टेबलावर चढला आणि खिडकीच्या गजांना धरून ओरडला. नुसता ओरडला नाही, बेंबीच्या देठापासून ओरडला. पाऊस एवढा कोसळत होता की त्याचा आवाज त्याच्याच कानात परत येत होता. त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीतून एकही पाय दिसत नव्हता. सगळीकडे चॉकलेटी पाणी धावत होतं, खिडकीच्या उंबऱ्यापासून जेमतेम चार बोटं खाली. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर शिवणाचे क्लास चालत. त्या खिडक्यांच्या काचांमागे माणसं हलताना दिसत होती. काचा बंद होत्या. त्याने प्लास्टर कापायची बारीक करवत गजावर चालवून पाहिली. चौथ्या फेऱ्यात पातं तुटलं.

"वेल्डर चांगला मिळाला तुला," अक्का म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. पूर्ण भरती साडेतीनला. म्हणजे अजून तासभर पाणी चढणार. ते चार बोटं चढलं की खिडकीतून आत ओतणार, आणि मग घड्याळ बघायचं कारण उरणार नाही. बत्तीशी हे सगळं मनाशी मांडत होता आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं. आपल्यामुळे. तिचं इथे आज कामच नव्हतं. मेणाचे दात तोंडात घालून काढायला आपण तिला इथे आणलं, फक्त एका खोट्याला आणखी पंधरा दिवस मिळावेत म्हणून.

तो पुन्हा ओरडला. आवाज बसला होता, घशातून नुसता घोगरा वारा बाहेर आला. अक्कानेही ओरडून पाहिलं. पावसाने तेही गिळलं.

"माझे दात असते ना," अक्का म्हणाली, "तर अशी शिट्टी मारली असती की सगळी गल्ली गोळा झाली असती. आता नुसती फुंकर निघते." आणि खरंच तिने दोन बोटं तोंडात घालून दाखवली. फुस् झालं. "बघ."

बत्तीशीने मान दुसरीकडे वळवली.

तिसरा खण त्याच्या पायाखाली, दीड हातावर होता. वाचणाऱ्याला वाटेल, एवढा जीव टांगणीला लागलेला असताना माणूस विचार कसला करतो? पण करतो. आधी त्याला वाटलं, शिट्टी तरी कोण ऐकणार. मग वाटलं, नव्या कवळीने पहिल्याच दिवशी कोणाला शिट्टी येते. मग वाटलं, येईल कोणीतरी, अग्निशमनवाले फिरत असतील. ही सगळी कारणं एकामागून एक त्याच्या डोक्यात येत राहिली आणि तो गजांना धरून उभा राहिला, चांगली पाच मिनिटं. त्याला मरणाची भीती वाटत होती, पण त्या क्षणी त्याहून जास्त भीती अक्काच्या डोळ्यांची वाटत होती. डबा उघडला की तिला सगळं कळणार. चार महिने तिला उगाच काय गिळायला लावलं आणि का, ते एका क्षणात कळणार. आणि दात मिळाले की ती जाणार.

उंबऱ्यावरून पाण्याची पहिली जीभ आत आली. भिंतीवरून ओघळून ती अक्काच्या पावलांवर पडली. अक्काने पाय वर घेतले, लहान मुलीसारखे, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून निघालं, "धाकट्या, मला भीती वाटते रे."

तो पाण्यात उतरला. पाणी कमरेपर्यंत आलं होतं. तिसरा खण फुगून घट्ट बसला होता, ओढताना मूठच हातात आली. मग त्याने खणाच्या फटीत पटाशी घातली आणि सगळा जीव लावून पिरगळली. लाकूड फुटलं. डबा तरंगत बाहेर आला. तो घेऊन तो टेबलावर चढला, झाकण काढलं आणि कवळी तिच्यासमोर धरली. वरची आणि खालची, दोन्ही.

"घाल," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

अक्काने वरची घातली. खालची घातली. दोनदा दात मिटले. कट्, कट्. कुठे उचललं नाही, कुठे रुतलं नाही. जिभेने तिने पुढचा तिरका दात चाचपला. तिचा चेहरा, जो आठ महिने गालांपाशी आत गेला होता, जागच्या जागी भरून आला, आणि बत्तीशीला लहानपणीची अक्का दिसली.

"हे कधी झाले?" तिने विचारलं. शब्द अगदी स्वच्छ आले.

"चार महिने झाले."

पाणी उंबऱ्यावरून ओतत होतं. अक्का त्याच्याकडे पाहत राहिली. त्याला वाटलं आता ती थोबाडीत मारेल, आणि मारली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"नंतर बोलते तुझ्याशी," ती म्हणाली.

त्या खोलीत 'नंतर' हा शब्द सकाळपासून पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. मग ती त्याचा खांदा धरून स्टुलावर उभी राहिली, त्या गुडघ्यांवर, गजांना तोंड भिडवलं आणि दोन बोटं तोंडात घातली. पहिल्यांदा फुस्. दुसऱ्यांदा वरची कवळी सरकली. तिने अंगठ्याने ती टाळूला दाबली आणि एक शिवी हासडली. तिसऱ्यांदा ती शिट्टी आली.

 पन्नास वर्षं मागे कुठेतरी मैदानावर बत्तीशीचे पाय आपोआप घराकडे वळले. अक्काने पुन्हा मारली, आणि पुन्हा. समोरच्या पहिल्या मजल्यावर एक काच सरकली. शिवणाच्या बाईंचं डोकं बाहेर आलं, त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन कोणाला तरी हाक मारली.

आला तो वेल्डर. कमरेला दोर बांधून, दोराचं दुसरं टोक विजेच्या खांबाला, हातात पहार. तो मांडीभर पाण्यातून खिडकीपाशी आला आणि वाकून आत पाहिलं.

"बत्तीशीकाका, तुम्ही? दाराने या की!"

"दार नाही उघडत," बत्तीशी म्हणाला. "हे गज काढ."

"काढ कसे? हत्तीला हलणार नाहीत असे लावायला सांगितलं होतं तुम्ही!"

"अरे मेल्या, काढ!" अक्का कडाडली, आणि वेल्डरने पहार लावली.

गज हलले नाहीत. काम खरंच चांगलं होतं. शेवटी त्याने गजांचा नाद सोडला आणि चौकटीच्या कडेची भिंत फोडायला घेतली. विटा एकेक करून पाण्यात पडत होत्या, पाणी आणखी जोराने आत येत होतं, आणि आत दोघं जण छताला डोकं टेकवून उभे होते. सगळी चौकट गजांसकट निघाली तेव्हा पाणी बत्तीशीच्या छातीपर्यंत होतं. टेबलावर उभं असूनही. त्याने अक्काला खांद्यावर घेऊन बाहेर ढकललं. ती सुकलेली, हलकी, सरळ निघाली. तो स्वतः पोटात अडकला. वेल्डरने बगलेत हात घालून ओढलं तेव्हा पोटाची निम्मी साल भिंतीला राहिली. आत, अक्काच्या तोंडातून काढलेले मेणाचे दात पाण्यावर गोल फिरत होते.

शिवणाच्या क्लासमध्ये वीस-पंचवीस माणसं आधीच जमली होती. कोणी टॉवेल दिला, कोणी अंगावर मशीनवरचं अर्धवट शिवलेलं कापड टाकलं. शिवणाच्या बाईंनी चहा आणि कडक टोस्ट पुढे केले. बत्तीशी भिंतीला टेकून खाली बसला होता. अक्काने टोस्ट हातात घेतला, चहात बुडवला नाही, तसाच दातांखाली धरला आणि तोडला. करकरीत आवाज झाला. आठ महिन्यांत पहिला. ती सावकाश चावत होती आणि तो प्रत्येक चावा बत्तीशीला ऐकू येत होता. त्याने गुडघ्यांत मान घातली.

टोस्ट संपवून अक्का त्याच्याशेजारी येऊन बसली.

"का?" तिने विचारलं.

"दात झाले की जाणार म्हणालीस ना तू."

"म्हणून मला चार महिने उगाच बोळकी ठेवलीस? बाळासारखं गिळत होते मी. आरशात बघत नव्हते."  "राहा म्हणायला काय झालं होतं रे? सगळ्या गावाची तोंडं भरलीस, आणि तुझ्या तोंडातून एवढा एक शब्द फुटला नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस तर?"

 अक्का उठून पलीकडे बायकांमध्ये जाऊन बसली.

पाच वाजता भरती ओसरली आणि पाणी जसं आलं तसंच गेलं. पुढचे दोन दिवस अक्का त्याच्याशी अवाक्षर बोलली नाही. पान वाढायची आणि आत जायची. सकाळची हाकही बंद. बत्तीशी आपल्या आपण उठायचा आणि पडून राहायचा. त्याला वाटलं, ती आत चार दिवसांची ती पिशवी भरते आहे.

तिसऱ्या दिवशी तो लॅब साफ करायला गेला. वेल्डरने दाराशी झालेली प्लास्टरची भिंत फोडून दिली होती आणि तिचा एक तुकडा आठवण म्हणून आपल्या दुकानात नेऊन ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. बत्तीशी गाळ उपसत होता. पायऱ्यांवर गुडघे वाजल्यासारखे वाटले म्हणून त्याने वर पाहिलं, तर अक्का. सर्वांत वरच्या पायरीवर, रेंज येते तिथे, तिने बूड टेकलं होतं, आणि हातात वाजणारा फोन होता. भाचा मोठ्याने बोलणारा. त्याचा प्रत्येक शब्द खाली ऐकू येत होता.

"आई, आता एक दिवस थांबायचं नाही तिथे. मी घ्यायला येतो. आणि ते दात झाले का, की अजून नाहीच?"

बत्तीशीचा खराटा थांबला. अक्काने वरून त्याच्याकडे पाहिलं. गाळाने बरबटलेला, पोटाला पट्टी बांधलेला, साठीला आलेला तिचा धाकटा खाली खड्ड्यात उभा होता.

"झालेत रे," ती म्हणाली. "पण थोडे टोचतायत. डावीकडे, आतून."

"मग मामाला सांग घासून द्यायला."

"सांगितलंय. पण त्याची लॅब बुडालीय, मशीन गाळात आहे, माणूस एकटा आहे. आणि दाताच्या कामात घाई चालत नाही, बाबा."

तिने फोन ठेवला, कवळी तोंडातून काढली आणि हात खाली लांबवला. तो दोन पायऱ्या चढला तेव्हा तिने ती त्याच्या तळहातावर ठेवली. बत्तीशीने ती उजेडात धरून उलटीपालटी केली. घासण्यासारखं तिच्यात कुठे काही नव्हतं, आणि असतं तरी त्याला ते दिसलं नसतं, कारण डोळे भरून आले होते.

"किती दिवस लागतील?" अक्काने विचारलं.

"राहशील तू?" तो म्हणाला. "अक्का, राहा ना."

"हां," अक्का म्हणाली. "आता कसं." आणि तिने पुन्हा हात पुढे केला. "आण ते इकडे. मला जेवायचंय."